बायकोच्या पानावरची दाढ

माझ्या बायकोच्या नावावर जी दाढ काढल्याची नोंद होती, ती दाढ तिच्या तोंडातच होती. ही गोष्ट तिला माहीत होती, मला माहीत होती आणि माझ्या धाकट्या बहिणीला माहीत होती. आम्ही तिघांनी ती आठ वर्षं जपली. त्या दोघींनी माझ्यासाठी जपली, आणि मीही माझ्यासाठीच.

आता मी निवृत्त आहे. भिलाईच्या स्मृती नगरात घर आहे, सकाळी पेपर, मग भाजी, मग कुणाशी तरी वाद, असा दिवस जातो. वाद घालायची खोड जुनी. इथल्या पोलादाच्या प्लांटमध्ये, रूळ बनवणाऱ्या रेल मिलला मी चार्जमन, म्हणजे शिफ्टचा पर्यवेक्षक होतो आणि शिफ्टमध्ये मला सगळे 'नियमवाले' म्हणत. समोर नाही, पाठीमागे. पण मला कळायचं आणि आतून बरंही वाटायचं. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली बांधलेला नसेल तर मी माणसाला कामावर घेत नसे. शिफ्ट सुरू होण्याआधी सगळ्यांनी रांगेत उभं राहून सुरक्षेची शपथ घ्यायची असते. एक जण वाचतो, बाकीचे मागून म्हणतात. आमच्याकडे वाचणारा बहुतेक मीच. आवाज मोठा होता आणि हौसही होती.

एकदा एका सहकाऱ्यानं आपल्या साळ्याला स्वतःच्या नावावर प्लांटच्या दवाखान्यात दाखवलं आणि ते उघडकीला आलं. चहाच्या टपरीवर त्याच्या तोंडावर मी अर्धा तास व्याख्यान दिलं. सवलतीचा असा बाजार मांडतात का, उद्या सगळा दुर्ग जिल्हा घेऊन येशील, वगैरे. तो खाली मान घालून ऐकत राहिला. त्याच्या हातातला चहा निवला तरी मी थांबलो नाही. वर्षाच्या आत मी तेच केलं, आणि त्याच्याहून वाईट तऱ्हेनं केलं.

प्लांटच्या नोकरदाराला एक मेडिकल बुक मिळायचं. पहिल्या पानावर कुटुंबाचा फोटो, मग बायको, मुलं, आईवडील यांची वेगवेगळी पानं. त्या पानांवर डॉक्टर लिहीत जायचे. ते पुस्तक आणि प्लांटचा दवाखाना यांचा आम्हाला भारी अभिमान. दुर्गात कुणाला साधा फोड आला तरी आम्ही म्हणणार, "आमच्या दवाखान्यात असतं तर..." आमच्या पुस्तकात आईचं नाव होतं. बहिणीचं नव्हतं.

बहीण माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. लग्नाला दोन वर्षं होत नाहीत तोवर तिचा नवरा अपघातात गेला आणि ती दुर्गजवळच्या बोरसीला आईकडे परत आली. बाबा तोवर गेले होते. दोघीच राहायच्या. बहीण जवळच्या शाळेत लहान मुलांना शिकवायची. एका वर्षी तिची उजवीकडची खालची शेवटची दाढ दुखायला लागली. गाल सुजायचा, ओसरायचा, पुन्हा सुजायचा. दुर्गातल्या दातांच्या डॉक्टरनं एक्स-रे फोटो काढून सांगितलं की दाढ हाडात आडवी झोपली आहे, तिला वर यायला जागाच नाही. हिरडी कापून, दाढेचे तुकडे करून काढावी लागेल. ती घाबरली. मला फोन केला.

"बाहेर कुठं जातं? आपला दवाखाना कशाले आहे?" मी म्हणालो.

"त्यात माझं नाव कुठं आहे, दादा?"

"वहिनीच्या नावावर दाखवू. फोटोत वाटाण्याएवढं तोंड आहे. कोण ओळखून राहिलं?"

हे सगळं मी इतक्या सहज बोललो की आज माझं मलाच नवल वाटतं. टपरीवरचं व्याख्यान आठवलं नाही असं नाही. पण ते दुसऱ्यासाठी होतं. शिवाय माझी बहीण म्हणजे काही साळा नव्हे, तिला खरंच त्रास होता, असं मी मनाशी म्हणालो. त्या साळ्यालाही खरंच त्रास असणार.

ठरल्या दिवशी सकाळी ती सेक्टर दोनमधल्या आमच्या क्वार्टरवर आली. फिकट रंगाचा पंजाबी ड्रेस, केस घट्ट बांधलेले, गळा मोकळा. मी स्कूटरची किल्ली घेऊन दारात उभा होतो. तिच्याकडे पाहिलं आणि म्हणालो, "अशा मोकळ्या गळ्यानं आली तर खिडकीवरच विचारतील."

म्हणून झाल्यावर मला ऐकू आलं की मी काय म्हणालो. पण बोललेलं मागं घ्यायची सवय नव्हती. बहीण भिंतीकडे बघत राहिली. बायको स्वयंपाकघरातून हात पुसत आली.

"अहो, हे बरोबर नाई होऊन राहिलं," ती हळू आवाजात म्हणाली. "तिले बायको म्हणून नेता?"

"दाढ काढाले नेऊन राहिलो, लग्नाले नाही," मी खेकसलो.

माझ्या अशा उत्तरांवर मिलमध्ये लोक हसायचे. इथं कुणी हसलं नाही. बायकोनं स्वतःचं मंगळसूत्र गळ्यातून काढलं. माझ्यासमोर तिनं ते कधी काढलेलं मी पाहिलं नव्हतं. ते तिनं बहिणीच्या गळ्यात घातलं नाही, तिच्या हातात दिलं. बहिणीनं आमच्याकडे पाठ केली आणि ते घातलं. टिकली बायकोनं लावून दिली. चार वर्षांनी तिच्या कपाळाला टिकली लागली होती, आणि ती मी लावायला लावली होती.

दवाखान्यात खिडकीवर कुणी काही विचारलं नाही. बाकावर बसून तासाभरानं बायकोचं नाव पुकारलं. बहीण उठली नाही. पुन्हा पुकारलं. मी तिला कोपरानं ढोसलं, तेव्हा ती दचकून उभी राहिली.

आधी फोटो. फोटो काढणाऱ्या माणसानं त्या वयाच्या बाईला विचारायचं ते विचारलं, "पेट में बच्चा-वच्चा तो नहीं है?" तो तिला विचारत होता. उत्तर मी दिलं, "नहीं, नहीं." इतक्या घाईनं दिलं की त्यानं माझ्याकडे मान वळवून पाहिलं. बहिणीनं पाहिलं नाही. ती यंत्रापुढे जाऊन उभी राहिली आणि सांगितल्याप्रमाणे हनुवटी टेकवली.

डॉक्टर एक तरुण बाई होत्या, स्वभावानं फार चांगल्या. खुर्चीत बहीण थरथर कापत होती. इंजेक्शन भरता भरता त्या मला म्हणाल्या, "बहुत डर रही हैं। आप हस्बैंड हैं न? आइए, हाथ पकड़ लीजिए।"

ही बहीण लहान असताना दुर्गच्या बाजारात मी तिचा हात धरून रस्ते ओलांडले होते. तिचा नवरा गेला त्या दिवशी दिवसभर मी तिचा हात धरून बसलो होतो, पाणी प्यायलाही उठलो नव्हतो. भाऊ म्हणून आलो असतो तर डॉक्टरांनी सांगायचीही गरज नव्हती. पण नवरा म्हणून तो हात धरायला माझा हात पुढे होईना. मी म्हणालो, "मुझे खून देखके चक्कर आता है." पंचवीस वर्षं लालभडक लोखंडासमोर उभा राहिलेला माणूस मी. पुस्तक छातीशी धरून दाराजवळ जाऊन उभा राहिलो. तिनं खुर्चीचा दांडा धरला. तिची बोटं पांढरी पडलेली मला तिथूनही दिसत होती.

पाऊण तास लागला. मग डॉक्टरांनी बायकोच्या पानावर लिहिलं की उजवीकडची खालची अक्कलदाढ शस्त्रक्रियेनं काढली, तीन टाके घातले. खाली सही आणि शिक्का. तोंडात कापसाचा बोळा दाबून बहीण स्कूटरवर मागं बसली. एरवी ती माझ्या खांद्याला धरून बसायची. त्या दिवशी तिनं मागचा स्टेपनीचा कठडा धरला. क्वार्टरच्या फाटकातच तिनं मंगळसूत्र काढलं आणि रुमालात गुंडाळून बायकोच्या हातात ठेवलं. बर्फ लावायला नंतर बसली.

आठवड्यानं टाके काढायला जायचं होतं. बायकोनं पुन्हा गळ्याला हात घातला तर बहीण म्हणाली, "वहिनी, राहू दे. तुझं आता नाई काढाचं." तिनं पर्समधून स्वतःचं काढलं. तिच्या लग्नातल्या वाट्या आईनं डब्यात जपून ठेवल्या होत्या. त्या तिनं बाजारातून काळी पोत आणून घरी बसून ओवल्या होत्या. तिनं तेव्हा कसं ओवलं असेल, आई समोर असेल का, आईनं काही विचारलं असेल का, हे मी तेव्हा मनात येऊ दिलं नाही. मी म्हणालो, "चल, नंबर निघून जाईन."

तिनं मला एका शब्दानं काही म्हटलं नाही. फक्त त्यानंतर सेक्टर दोनच्या क्वार्टरवर ती फारशी आली नाही. आई होती तोवर भाऊबीज बोरसीला व्हायची. आई गेल्यावरही मीच तिकडे जायचो. ती ओवाळायची, जेवायला घालायची, शाळेतल्या पोरांच्या गमती सांगायची. मला वाटायचं सगळं ठीक आहे. खरं म्हणजे ठीक वाटून घेणं मला सोयीचं होतं.

वर्षं गेली. पुस्तकांतल्या नोंदी कंप्युटरवर चढल्या. मुलगी शिकून बंगळूरला नोकरीला लागली. बायकोला साखरेचा आजार निघाला. निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना, एका मे महिन्यात जेवताना माझं लक्ष गेलं की बायको पोळी वरणात कुस्करून खात आहे.

"आत्तापासूनच म्हातारी झाली का?" मी चिडवलं.

"दाढ दुखून राहिली थोडी."

"कोणती?"

तिनं उजव्या गालावर, खाली, मागच्या बाजूला बोट ठेवलं. माझा घास हातातच राहिला. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. तिच्या पानावर ती दाढ आठ वर्षांपूर्वी निघालेली होती, सहीशिक्क्यासह.

"काई नाई," तीच म्हणाली. "मिठाच्या पान्यानं जाईन."

"हो, जाईल," मी लगेच म्हणालो. तिचं वाक्य मी दोन्ही हातांनी धरलं, हे खरं आहे.

ती गेली नाही. लवंग झाली, हळद झाली, गोळ्या झाल्या. मी टॉर्च धरून पाहिलं तर मागं हिरडी फुगून लाल झाली होती आणि तिच्याखालून दाढेचा पांढरा कोपरा डोकावत होता. जवळच्या खाजगी डॉक्टरकडे नेलं. त्यानं फोटो पाहिला, साखर विचारली आणि हात वर केले. दाढ आडवी आहे, मुळं नसेला लागून आहेत, साखर वाढलेली आहे, हे मोठ्या दवाखान्यात व्हायला हवं. मग तो हसून म्हणाला, "अरे, आपके पास तो प्लांट का अस्पताल है! वहाँ क्यों नहीं दिखाते?"

भिलाईत हा प्रश्न मला कुणीही विचारला असता. मुलीनं फोनवर विचारलाच, हिंदीत, कारण चिडली की ती हिंदीत बोलते: "पापा, घर के पास हॉस्पिटल छोड़के रायपुर क्यों?" मी म्हणालो रायपूरला चांगला माणूस आहे. मग बायकोला म्हणालो, मिलमध्ये मोठी दुरुस्ती निघाली आहे, ती झाली की रजा घेतो. दुरुस्ती निघाली होती. पण मी रजा मागितलीच नव्हती. तिला सांगितलं, मंजूर झाली नाही.

मला कशाची भीती होती? नोकरी जाईल याची थोडी. पण खरी भीती रांगेसमोर उभं राहून शपथ वाचायची होती. लोक खाली मान घालून हसतील याची होती. टपरीवरचा तो सहकारी अजून नोकरीत होता. त्याच्यासमोर माझं काय होईल, याचा विचार मी बायकोच्या सुजलेल्या गालासमोर बसून करत होतो. इतका कोता माणूस मी आहे, हे मला तेव्हा कळलं, आणि कळूनही मी गप्प राहिलो. दोन महिने.

एका रविवारी सकाळी ती न्हाणीघरातून ब्रश हातात घेऊन बाहेर आली. ब्रश तोंडात जात नव्हता. जबडा एका बोटापलीकडे उघडत नव्हता. सूज गालावरून उतरून हनुवटीखाली गळ्यापर्यंत आली होती, अंगात ताप होता आणि थुंकी गिळवत नव्हती म्हणून ती टॉवेलनं तोंड पुसत होती. मी रायपूरला जायला गाडी ठरवण्यासाठी फोन लावत बसलो. एवढ्यात फाटकाशी स्कूटी थांबली. बहीण होती. आदल्या दिवशी फोनवर वहिनीचा आवाज तिला बोबडा लागला, म्हणून ती बोरसीहून आली होती.

तिनं वहिनीला पाहिलं आणि माझ्याकडे वळली. "कोणाले फोन करून राहिला?"

"गाडी. रायपूरले नेतो."

"रायपूर? दहा मिनिटावर दवाखाना आहे, दादा."

"अगं, पण तिथं..." एवढंच माझ्या तोंडून निघालं.

 मग तिचा चेहरा बदलला. "त्या दाढेपायी?" ती म्हणाली. मी फोन खाली ठेवला. "माझ्या त्या दाढेपायी तू वहिनीले असं ठेवलं?"

त्यानंतर तिनं मला विचारलं नाही. वहिनीला धरून बाहेर आणलं, रस्त्यावर रिक्षा थांबवली, दवाखान्याचं नाव सांगितलं. मी पुस्तक घेऊन मागं बसलो.

तातडीच्या विभागात त्यांनी दातांच्या डॉक्टरांना बोलावलं. हे वयस्क गृहस्थ होते. ताबडतोब सलाइन लावायला सांगितलं, त्याआधी जबड्याचा फोटो. त्या यंत्रात पुढच्या दातांनी एक छोटा तुकडा चावून धरावा लागतो. बायकोच्या तोंडात तो जाता जाईना. टेक्निशियन बाईंनी कसाबसा सरकवला. बायकोच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आवाज मात्र आला नाही.

बहीण खिडकीवर कागद भरायला गेली होती. डॉक्टरांनी पडद्यावर फोटो पाहिला, मग जुनी नोंद पाहिली. पुन्हा फोटो पाहिला.

"ये दाँत तो निकल चुका है," ते म्हणाले. "फोटो किसी और की आ गई है।" त्यांनी टेक्निशियन बाईंना हाक मारली आणि सगळ्यांसमोर झापलं. त्या म्हणाल्या, "नहीं सर, इन्हीं की है।" त्यांना आणखी बोलणी बसली. "दोबारा निकालिए।"

मी तिथं उभा होतो. एक वाक्य बोलायचं होतं. साहेब, फोटो बरोबर आहे, नोंद खोटी आहे. सात शब्द. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. ती बोलू शकत नव्हती, तिचं तोंडच उघडत नव्हतं. माझं उघडत होतं. ती उठली आणि भिंतीला धरून, पुन्हा तो तुकडा चावायला, फोटोच्या खोलीकडे निघाली. मी तिला जाऊ दिलं.

हे लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. बाकीच्या गोष्टींना काही ना काही कारण सांगता येतं. याला नाही.

बहीण कागद घेऊन परत आली. "वहिनी कुठं गेली?"

"फोटो पुन्हा काढाचा म्हणतात."

"कावून?"

मी पुस्तकाकडे बघत राहिलो. ती सरळ डॉक्टरांच्या टेबलाशी गेली. "सर, दूसरी फोटो मत निकालिए," ती म्हणाली. आवाज शाळेतल्या बाईचा होता, स्वच्छ आणि मोठा. बाकावरची माणसं वळून बघू लागली. "दाँत इन्हीं का है। पहले जो निकला था, वो मेरा था। मैं इनके नाम से आई थी।"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "आप कौन?"

"ननद."

मग ते माझ्याकडे वळले. "और आप?"

"हस्बैंड," मी म्हणालो.

"इनके?" त्यांनी फोटोच्या खोलीकडे हात केला. मी मान हलवली. "और इनके कौन हैं?" आता हात बहिणीकडे होता.

"भाई," मी म्हणालो. बहिणीनं तेव्हाही माझ्याकडे पाहिलं नाही.

 डॉक्टर उठून स्वतः बायकोला परत आणायला गेले. नंतर टेक्निशियन बाईंना त्यांनी सॉरी म्हटलं, तेही माझ्यासमोर. बायकोला खुर्चीत बसवून विचारलं, "ये तकलीफ़ कब से है?" तिनं चार बोटं दाखवली. "चार दिन?" तिनं नाही अशी मान हलवली. "चार महीने?" नाही. डॉक्टर थांबले. "चार साल?" तिनं हो अशी मान डोलावली.

चार वर्षं. मला दोन महिने माहीत होते.

गळ्यापाशी चीर देऊन पू काढावा लागला. ती नऊ दिवस दवाखान्यात होती. साखर आटोक्यात आल्यावर महिन्याभरानं दाढ काढली. मुळं नसेला लागून होती, तिच्या उजव्या अर्ध्या ओठाची संवेदना गेली ती परत आली नाही. डॉक्टर म्हणाले की असं कुणालाही होऊ शकतं, पण मधे सूज आली नसती तर सोपं गेलं असतं. त्यांनी मला टोचून सांगितलं नाही. मीच टोचून घेतलं.

माझ्यावर जे व्हायचं ते झालं. एक पत्र आलं, मी लेखी उत्तर दिलं, ताकीद मिळाली, संपलं. ज्याच्यासाठी मी तिला दोन महिने आणि तिनं स्वतःला चार वर्षं कुजत ठेवलं, ते एवढंसं होतं. शपथ वाचणं मी सोडलं. कुणी विचारलं तर घसा बसला म्हणायचो. टपरीवरचा तो सहकारी एकदा समोर आला. त्यानं माझ्यासाठी एक चहा सांगितला आणि क्रिकेटबद्दल बोलत राहिला. मी तो चहा प्यायलो. त्यानं अर्धा तास भाषण दिलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

बायको बोलायला लागल्यावर मी तिला विचारलं, "चार वर्षं कावून नाई सांगतलं?"

ती मटार सोलत होती. "तुमी रोज शपथ वाचत होते न," ती म्हणाली. "मले वाटलं, तुमाले मान खाली घालावी लागन."

आणि मटार सोलत राहिली. माझ्याच्यानं तिथं बसवलं नाही. मी उठून अंगणात गेलो आणि उगाच झाडांना पाणी घालत राहिलो, सकाळी घातलेलं असूनही.

आता जेवताना तिच्या ओठाच्या उजव्या बाजूला भाताचं शीत चिकटतं, तिला कळत नाही. चहाचा ओघळ येतो, तोही कळत नाही. मी माझ्या ओठाला बोट लावतो, मग ती पुसते. दिवसातून दोनतीनदा हे होतं. पाहुण्यांसमोर मी बोट लावतो तेव्हा ती हसते, जणू काही आमच्या दोघांचा काही खेळ आहे.

या वर्षी भाऊबीजेला मी बहिणीला म्हणालो, "तू इकडे ये. घर तुझंही आहे." ती आली. स्मृती नगरच्या घरी पहिल्यांदाच ओवाळायला आली. ओवाळून झालं, आम्ही तिघं जेवायला बसलो. बायकोच्या ओठाला शीत लागलं. मी बोट उचललं, तेवढ्यात बहिणीनं हात पुढे करून पदरानं ते पुसून टाकलं आणि दोघी काही तरी बोलत राहिल्या. माझं बोट तसंच वर राहिलं.

जेवणं झाल्यावर बायको आत गेली. मी बहिणीला म्हणालो, "मले माफ कर."

ती सुपारी कातरत होती. थांबली. "कशाबद्दल?" ती म्हणाली. "पहिला फोटो काढला तेव्हा माझ्याऐवजी तू उत्तर दिलं, त्याबद्दल? का माझा हात नाई धरला, त्याबद्दल? का वहिनीले दुसऱ्या फोटोले जाऊ दिलं, त्याबद्दल?"

तिला सगळं आठवत होतं. मी गोंधळून म्हणालो, "सगळ्याबद्दल."

"सगळ्याचं एकदम नको मागू, दादा," ती म्हणाली. तिचा आवाज रागाचा नव्हता. चुकलेलं गणित पोराला पुन्हा करायला लावताना असतो, तसा होता. "एकेक करून माग. मी बसली आहे."

तिनं अडकित्ता खाली ठेवला. आत बायकोची भांड्यांची खुडबुड थांबली होती, म्हणजे तीही ऐकत होती.  मग मी त्या सकाळपासून सुरुवात केली, मोकळ्या गळ्यापासून.